पाच मैल, पंचवीस पौंड

कळंबपासून कोसभरावरच्या त्या गावात ताकदीचा विषय निघाला की श्रावणचं नाव आधी निघायचं. कळंबच्या जिनिंगमध्ये दोघं मिळून उचलत तो कापसाचा बोजा तो एकटा पाठीवर घेई आणि फळीवरून सरळ वर चढून जाई. गावातले मोठे शेतकरी विठ्ठलराव, त्यांची बैलबंडी नाल्यात फसली तर बैल सोडून आधी श्रावणला हाक जायची. त्यामुळे चीनच्या लढाईनंतर कामठीला भरती निघाली आणि श्रावण आपल्या चुलतभावाला सोबत घेऊन निघाला, तेव्हा दोघांपैकी कोण फौजेत जाणार आणि कोण घरी परतणार हे गावानं मनात ठरवून टाकलं होतं.

चुलतभाऊ म्हणजे धर्मपाल. श्रावणहून चार वर्षांनी लहान, सडपातळ, दर पावसाळ्यात तापानं झोपणारा. त्याचं घरचं नाव बकाराम. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं, तेव्हा तेरा वर्षांच्या या पोरानं स्वतःच शाळेत जाऊन सांगितलं की आजपासून मला धर्मपाल म्हणा. बाप लहानपणीच गेलेला. आई तुळसाबाई मोलमजुरी करायची, आणि मोठेबाबा म्हणजे श्रावणचा बाप डोमाजी, त्याच्याच आधारानं ते घर चालायचं.

कामठीला छाती मोजली, वजन घेतलं, पळवलं. सगळ्यात श्रावण पुढे. मग डॉक्टरनं एकेकाला ओल्या फडक्यावर उभं केलं आणि कोरड्या फरशीवरून चालायला लावलं. धर्मपालच्या पावलाचा ठसा मधे कापल्यासारखा उमटला. श्रावणचा ठसा भाकरीसारखा सगळाच्या सगळा उमटला. "तळवा सपाट. नेक्स्ट," असं म्हणून डॉक्टरनं कागदावर रेघ मारली. श्रावण म्हणाला, "साहेब, मी दोन मनाचा बोजा उचलतो." डॉक्टरनं मान वर केली नाही.

त्या दिवशी कामठीहून श्रावण एकटा परतला. गावात कोणी हसलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

वर्ष उलटलं आणि चौसष्टच्या जानेवारीत सागरचं फौजी ट्रेनिंग संपवून धर्मपाल दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. मोटारीतून उतरलेला माणूस पहिल्या नजरेला श्रावणला ओळखू आला नाही. मान भरलेली, खांदे मागे, पायात चकाकणारे बूट. तुळसाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायला लागली. डोमाजी त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बापा! सागरवाल्यायनं पोट्ट्याले चांगलं खाऊ घातलं!"

संध्याकाळी अंगणात सगळे बसले, तेव्हा धर्मपालनं खरी बातमी सांगितली. त्यानं छत्रीच्या पलटणीसाठी नाव दिलं होतं. विमानातून उडी मारणाऱ्यांत.

"विमानातून?" तुळसाबाईचा हात तोंडावर गेला. "अन् खाली पडला तं?"

"छत्री उघडते ना, आई. पाठीवर बांधली राह्यते." तो हसला. "पण उडी लय नंतर हाये. त्याच्या आधी तीन महिने रगडतात. पाच मैल पळा, पाठीवर पंचवीस पौंड, पंचेचाळीस मिनिटांच्या आत. मंग दोरावर चढा, मचाणीवरून उड्या मारा. शंभर जन जातात अन् पंचवीस-तीस उरतात. बाकीचे वापस." मग तो श्रावणकडे वळला. "म्हनून तं लांब सुट्टी घेतली, दादा. इथं तयारी करतो. पन तुह्याशिवाय होनार नाई."

श्रावण म्हणाला, "मी काय करू त्यात? मी तं नापास मानूस, बक्या."

बक्या म्हटल्यावर डोमाजीनं त्याच्याकडे पाहिलं. धर्मपालनं मनावर घेतलं नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि श्रावणच्या हातावर बांधलं. कँटीनमधून घेतलेलं, सेकंदाचा बारीक काटा असलेलं घड्याळ होतं ते. "पळताना मले पाहता येत नाई. तू दगडाजवळ उभा राह्य अन् वेळ सांगजो."

घड्याळाचा पट्टा श्रावणच्या मनगटाला पुरत नव्हता. शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

दुसऱ्या पहाटेपासून तयारी सुरू झाली. पिट्ठूत, म्हणजे फौजी पाठपिशवीत, नाल्याची वाळू भरली, ती कळंबच्या किराणा दुकानात तोलून आणली. गावच्या फाट्यावर मैलाचा दगड होता. तिथून अडीच मैलांवरच्या पुलियाला हात लावायचा आणि परत यायचं. श्रावण काटा पाहून हात खाली करायचा, धर्मपाल सुटायचा. बुटांचा आवाज दूर जाईपर्यंत श्रावण उभा राहायचा, मग दगडावर बसून बिडी ओढायचा. पहिल्या दिवशी बावन्न मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बावन्न. चौथ्या दिवशी पन्नास. श्रावणनं जे दिसलं ते सांगितलं.

तेवढं असतं तर चाललं असतं. पण आठ दिवसांत गावाचा सगळा रंगच बदलला.

साठी गाठलेल्या डोमाजीनं सागाचे डांबे तासून शाळेमागे मचाण उभी केली, पुरुषभर उंचीची, आणि खाली वाळू टाकली. पोराच्या भरतीच्या वेळी साधा गूळ हातावर न ठेवणारा बाप आता दिवसभर कुऱ्हाड चालवत होता. श्रावणची बायको पंचफुला रात्री हरभरे भिजवायची आणि सकाळी पहिली वाटी धर्मपालला द्यायची. "भाऊजीले पळा लागते," ती म्हणायची. जिनिंगमध्ये दिवसभर बोजे वाहणाऱ्या नवऱ्याला काय लागतं हे तिनं सात वर्षांत विचारलं नव्हतं, असं श्रावणच्या मनात आलं. तिनं विचारलं होतं, पुष्कळदा विचारलं होतं. पण ते त्याला आठवेना.

आणि विठ्ठलराव! ज्यांच्या ओसरीच्या पायरीखाली उभं राहून डोमाजीनं जन्म काढला, त्या विठ्ठलरावांनी धर्मपालला ओसरीवर बोलावून खुर्ची दिली. "बसा, जवान," म्हणाले. श्रावण सोबत होता. त्याच्याकडे पाहून ते म्हणाले, "श्रावण्या, तू कायले उभा हायेस? बस ना तठी." आणि पायरी दाखवली. धर्मपाल ताडकन खुर्चीतून उठला आणि भावाशेजारी पायरीवर येऊन बसला. दुसऱ्या कोणाला त्यानं भरून आलं असतं. श्रावणला वाटलं, हाही आपला मोठेपणाच दाखवतोय.

एका रविवारी जिनिंगला सुट्टी होती. मचाणीपाशी अर्धा गाव जमला होता. धर्मपाल पाय जुळवून, गुडघे जुळवून, हनुवटी छातीला टेकवून उडी घ्यायचा. वाळूत पाय टेकले की अंग एका कुशीवर सोडून द्यायचा, पोटरी, मांडी, पाठ असा गडगडत जाऊन पुन्हा उभा. दगडावरून पाणी वाहावं तसं ते सहज दिसायचं. बायका पदर तोंडाला लावून पाहायच्या.

"दादा, तू बी घे ना एक," धर्मपाल वरून म्हणाला.

श्रावण चढला. वरून खाली पाहिलं तेव्हा उंची वाटली त्याहून जास्त दिसली. पंचफुला समोर उभी होती. त्यानं उडी घेतली. सपाट तळवे वाळूवर फाटकन आपटले, गुडघे फाकले, आणि अंग सोडून द्यायच्या ऐवजी त्यानं ते ताठ धरलं. तो बोजा कोसळावा तसा तोंडावर पडला. दाताखाली वाळू करकरली.

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, कोणीही पडलं असतं तरी हसले असते. पंचफुलाही हसली आणि लगेच पुढे झाली. धर्मपालनं हात दिला. "पहिल्या बारीले मी बी असाच पडलतो, दादा. अंगाले लढायचं नसते, सोडून द्यायचं असते."

"हाव. शिकव आता मले," श्रावण म्हणाला आणि हात न घेता उठला.

दुसऱ्या पहाटे धर्मपाल पुलियाला हात लावून धापा टाकत परत आला, दगडापाशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "किती?"

साडेसेहेचाळीस मिनिटं झाली होती. श्रावणनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "एकोनपन्नास."

त्यानं ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून निघाला आणि निघाल्यावर त्याला स्वतःलाच धक्का बसला. पण धर्मपालचा चेहरा उतरलेला दिसला, आणि श्रावणच्या छातीत कामठीपासून जे दाटून होतं ते थोडं सैल झालं. त्या दिवशी जिनिंगमध्ये त्यानं एकट्यानं बोजे वाहिले आणि गाणंही म्हटलं.

पुढे ते रोजचंच झालं. पंचेचाळीस आले की अठ्ठेचाळीस सांगायचं. चव्वेचाळीस आले की पुन्हा अठ्ठेचाळीस, आणि एखाद्या दिवशी एकोणपन्नास. धर्मपालनं एकदाही घड्याळ मागून पाहिलं नाही. दादा सांगतो म्हणजे तेवढेच झाले. उलट तो म्हणायचा, "काहून होऊन राह्यलं असं? पाय तं हलके वाटतात." श्रावण म्हणायचा, "वाटते तसं राह्यत नाई."

धर्मपालनं संध्याकाळीही पळायला सुरुवात केली. पिट्ठूत आणखी वाळू टाकली. जेवण अर्ध्यावर आलं, हसणं बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या उजव्या नडगीवर सूज आली. तुळसाबाईनं हळद लावून फडकं बांधलं. तो फडक्यावर मोजा चढवून पळतच राहिला, टेकताना ओठ आवळून. श्रावणला ते दगडापासूनच दिसायचं. रोज त्याच्या मनात यायचं, आज खरं सांगू. आणि रोज गावातून जाताना कोणीतरी विचारायचं, "काय म्हनते आपला जवान?" आणि ते राहून जायचं.

सुट्टीचे दहा दिवस उरले तेव्हा धर्मपाल सकाळी त्याच्या दारात आला. पिट्ठू नव्हता, पायात चपला होत्या.

"दादा, मी नाव वापस घेतो."

श्रावण भाकर बांधत होता. "काहून?"

"बावन्नपासून सुरू केलं अन् अठ्ठेचाळीसवर अडकलो. महिना झाला, पुढं सरकत नाई. तिथं सगळ्यायसमोर वापस यावं लागन, त्याच्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. कागद लिहिला, कळंबले पोस्टात टाकतो." त्यानं श्रावणच्या खांद्यांकडे पाहिलं. "तुह्यावानी अंग असतं तं झालं असतं."

हेच तर श्रावणला हवं होतं. सव्वा वर्ष मनात हेच होतं. "तुही मर्जी," तो म्हणाला, आणि भाकर घेऊन कामावर निघून गेला.

जिनिंगमध्ये त्या दिवशी पहिला बोजा त्यानं चुकीच्या थप्पीवर टाकला. दुसरा बोजा फळीवरून खाली घसरला. मुकादम ओरडला. श्रावण तिथंच उभा राहिला. तुह्यावानी अंग असतं तं. हे शब्द टोचून बोलल्यासारखे असते तर त्यानं झटकून टाकले असते. पण त्या पोरानं ते मनापासून म्हटलं होतं. लहानपणी तापात असताना, श्रावणच्या पाठीवर बसून कळंबच्या दवाखान्यात जाताना, तो असंच काहीतरी बडबडायचा.

श्रावणनं डोक्यावरचं फडकं फेकलं आणि फाटकातून बाहेर पडला. मुकादम मागून हाका मारत राहिला. बाजार ओलांडून, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या माणसांतून वाट काढत तो पळत पोस्टाजवळ आला. धर्मपाल पायरीवर बसून नडगी चोळत होता. पाकीट मांडीवर होतं.

"धर्मपाल, थांब."

या नावानं त्यानं सुट्टीभरात पहिल्यांदा हाक मारली होती. धर्मपालनं वर पाहिलं.

"नको टाकू थो कागद. तू त्रेचाळीसमधी येऊन राह्यला. बारा दिवसांपासून."

"काय?"

"घड्याळ बरोबर हाये. मी खोटं सांगत होतो."

धर्मपालच्या चेहऱ्यावर आधी नुसता आनंद आला, लहान मुलाच्या चेहऱ्यावर येतो तसा. "त्रेचाळीस?" त्यानं पुन्हा विचारलं. "खरंच त्रेचाळीस?" मग हळूहळू 'खोटं' हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला. त्यानं सुजलेल्या नडगीकडे पाहिलं. पुन्हा श्रावणकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"मचाणीवरून पडलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"लोक हसले म्हनून?"

लोक हसले म्हणून, विठ्ठलरावांची खुर्ची म्हणून, पंचफुलाची वाटी म्हणून, ओल्या पायाचा ठसा म्हणून. यातलं एकही त्या पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

धर्मपालनं मांडीवरचं पाकीट पालथं केलं. पोस्टात माणसं येत-जात होती. मग तो म्हणाला, "दादा, तू मले दगड मारला असता तं बरं झालं असतं. दगड येताना दिसला असता, मी सरकलो असतो."

त्यानं हात पुढे केला. श्रावणनं मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं. पाकीट खिशात घालून धर्मपाल लंगडत गावाच्या वाटेला लागला. श्रावण दोन पावलं मागून चालू लागला, तर तो न वळता म्हणाला, "तू कामावर जाय."

उरलेले दहा दिवस तो पळाला नाही, पाय शेकत घरीच बसला. श्रावणशी बोलला नाही आणि कोणाला काही सांगितलंही नाही. तेच श्रावणला जड गेलं. जाण्याच्या दिवशी मोटारीपाशी गाव लोटला होता. विठ्ठलरावांनी हार घातला. डोमाजी ज्याला त्याला सांगत होता, "माह्या श्रावणनं तयार केलं याले. रोज पहाटे दगडापाशी उभा राहे. सख्खा भाऊ करनार नाई एवढं केलं." धर्मपालनं ते ऐकलं. तो मोठेबाबांच्या पाया पडला, आईच्या पडला, आणि श्रावणसमोरून नमस्कार न करता मोटारीत चढला.

परतताना वाटेत श्रावणनं बापाला थांबवलं आणि सगळं सांगितलं. डोमाजी रस्त्याच्या कडेला खाली बसला. म्हाताऱ्याच्या तोंडून शिवी निघाली असती तर श्रावणनं ती अंगावर घेतली असती.

"डाक्टरनं तुले काढलं," डोमाजी म्हणाला. "थ्या पोट्ट्यानं तं नाई काढलं ना?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मचाण एकट्यानं पाडली. श्रावण हात लावायला गेला तर म्हणाला, "राहू दे." डांबे विठ्ठलरावांच्या गोठ्याला दिले.

मे महिन्यात पत्र आलं. दहाव्या आठवड्यात पाठीवर ओझं घेऊन पळताना उजव्या नडगीचं हाड तडकलं होतं. दोन महिने दवाखाना, आणि नंतर जुन्या पलटणीत वापस. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं, आणि घरात चौथी शिकलेला श्रावणच एकटा. पत्र वाचताना 'वापस' या शब्दापाशी त्याला एका श्वासापुरतं बरं वाटलं. अगदी एका श्वासापुरतं, पण वाटलं. मग घामानं कागद ओला झाला. तुळसाबाई रडत होती आणि त्याचाच हात धरून म्हणत होती, "पाय ठीक होईन ना रे त्याचा, श्रावण?"

त्या रात्री त्यानं पंचफुलाला सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून. "हाड तडकलं ऐकून मले बरं वाटलं," हेही सांगितलं. पंचफुला भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मचाणीपाशी मी हसले होते. थे मनात ठेवलं होतं तं मले बोलायचं असतं. मी होते ना इथं." यानंतर बरेच दिवस दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं.

धर्मपाल दोन वर्षं गावाला आला नाही. पासष्टची लढाई झाली, त्याची खुशाली आली. आईला महिन्याला पत्र यायचं, ते श्रावण वाचायचा आणि तिचं उत्तर लिहायचा. कोणत्याच पत्रात त्याचं नाव नसायचं.

सहासष्टच्या मार्चमधल्या एका दुपारी तुळसाबाई पाकीट घेऊन जिनिंगच्या फाटकापर्यंत चालत आली. श्रावण घरी येईपर्यंत तिला दम नव्हता. फाटकाजवळच्या कापसाच्या ढिगाशेजारी श्रावणनं पाकीट फोडलं. पत्र आग्र्याहून होतं.

त्यानं वाचायला सुरुवात केली. आई, मी दुसऱ्यांदा नाव दिलं हे तुला मुद्दाम कळवलं नाही. तीन महिने पूर्ण झाले. पाय टिकला. नंतर इथं आग्र्याला पाच उड्या झाल्या. पहिल्या उडीला विमानाच्या दारात उभा राहिलो तर खालची शेतं गोधडीच्या तुकड्यांएवढी दिसली आणि माझे पाय उचलेनात. मग उचलले. आधी कानात नुसता वारा, मग छत्री उघडली तसा खांद्याला झटका बसला, आणि मग आवाजच नाही. आई, एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काल छातीवर पंख लावले.

श्रावणला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. आणि त्या आनंदाच्या आतच ते जुनं जळतं होतं, जसंच्या तसं, जराही न विझलेलं. त्या दारात उभं राहून पाय उचलावेत, ही इच्छा त्याला त्या क्षणी इतकी झाली की त्यानं डोळे मिटून घेतले.

"झालं का?" तुळसाबाईनं विचारलं.

"थोडं हाये." उरलेल्या ओळी त्यानं डोळ्यांनी आधी वाचून घेतल्या. मोठेबाबांना नमस्कार, वहिनीला नमस्कार, विठ्ठलरावांना कळव, गावात साखर वाट. पुढे सही.

तुळसाबाई आशेनं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दोन घरांत काहीतरी बिघडलंय हे तिला कळत होतं, काय ते कोणी सांगितलं नव्हतं. "अन् तुह्यासाठी? तुह्यासाठी काई लिहिलं असन ना त्यानं?"

एक ओळ जोडणं अवघड नव्हतं. तिला समाधान वाटलं असतं आणि तिला कधी कळलंही नसतं.

"नाई, काकू," श्रावण म्हणाला. "माह्यासाठी काई लिहिलं नाई."

"काहून?"

"बस तू इथं सावलीत. सांगतो."

ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली. मुकादमाला हातानं थांब म्हणून श्रावण तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कामठीपासून सांगायला लागला.